कुंदाच्या घरावरची माझी सही

कुंदा गेल्याचं मला तिच्या भावाने फोनवर सांगितलं. सकाळचे साडेदहा वाजले असतील, मी नुकती ऑफिसात येऊन टेबल पुसत होते. "मंगलताई, कुंदा गेली हो. आठ वाजता," तो कोल्हापूरच्या हॉस्पिटलातून बोलत होता. त्याच श्वासात तो पुढे म्हणाला, "तिच्या ब्लॉकची दुसरी किल्ली तुमच्याकडे असते ना? आम्ही इथनं सरळ गावी, नाट्याला जातोय. दोन दिवसांनी माणूस पाठवतो, तेवढी काढून ठेवा." मी "हो" म्हटलं. फोन बंद झाला तरी हातातलं फडकं तसंच होतं. मला रडू आलं नाही. मी बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. त्या गोष्टीला आता दीड महिना झाला, पण रडू अजून आलेलं नाही. पुरवणीत असे लेख मीही वाचते. त्यात गेलेल्या माणसाच्या आठवणींनी लिहिणाऱ्याचे डोळे भरून येतात. माझं तसं झालेलं नाही, म्हणून आधीच सांगून ठेवते. मला किळस येते आहे. कुणाकुणाची, ते पुढे येईलच.

बाराव्याला आम्ही दोघं नाट्याला गेलो होतो. 'आम्ही दोघं' म्हणजे मी आणि आमचे हे, श्रीकांत. पंगत बसली, वडे आले, काळ्या वाटाण्याची उसळ आली, आणि वाढता वाढता कौतुक सुरू झालं. "पंधरा वर्षांचं कर्ज सात वर्षांत फेडलंन! बाईमाणूस असून!" असं कुणीतरी म्हणालं. तिचा भाऊ खिरीचं पातेलं घेऊन फिरत होता. तो म्हणाला, "बहिणीने नाव काढलं. एक पैसा मागे ठेवला नाही. जागा अगदी मोकळी करून गेली." त्याच्या बायकोच्या शेजारची बाई म्हणाली, "सुटली. मागे रडणारं कोण नव्हतं तेच बरं." आणि माझ्या समोरच्या ओळीत बसलेले श्रीकांत वडा मोडत, मान हलवत म्हणाले, "फार जिद्दीची हो. असं माणूस बघायला मिळत नाही." माझ्या पानातली खीर तशीच राहिली. तिच्यावर साय धरलेली मला अजून दिसते.

कुंदा आमच्या कार्यालयात लागली तेव्हा मला तिथे दोन वर्षं झाली होती. सरकारी कार्यालय, त्यातल्या आवक-जावकच्या टेबलावर ती, शेजारी मी. बाप मालवाहू बोटींवर खलाशी होता, तो आणि आई दोघंही ती पंचविशीची व्हायच्या आत गेली. गावात उरला हा एक भाऊ. कुंदा उंच, सडसडीत, चालताना समोरच्याला वाटेतून बाजूला व्हावं लागेल अशी चाल, आणि टाइपरायटरवर हात असे की साहेब लोक दुसऱ्या शाखांतून आपली पत्रं तिच्याकडे पाठवायचे. लग्नाचं तिने एकदोनदा बघितलं, जमलं नाही, आणि त्यावर ती फारसं बोलायची नाही. बोलायची ती घरमालकिणींबद्दल. नऊ वर्षांत तिने पाच खोल्या बदलल्या होत्या. एक मालकीण विहिरीवरून नेलेल्या तिच्या बादल्या मोजायची. एक ती ऑफिसला गेली की खोलीत शिरून तिचं कपाट उघडून बघायची. एकीने मुलाचं लग्न ठरल्यावर सांगितलं की घरात बिनलग्नाची बाई बरी दिसत नाही. हे सगळं कुंदा मधल्या सुट्टीत हसून सांगायची, नकला करून दाखवायची, आणि आम्ही डबा खायला बसलेल्या बायका हसून हसून पडायचो.

शेवटच्या मालकिणीची मात्र नक्कल तिने कधी केली नाही. संध्याकाळी ती घरी पोचली तर सगळं सामान ओट्यावर काढून ठेवलेलं होतं. त्या सामानाच्या वर, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला नीट दिसेल अशी, तिच्या आतल्या कपड्यांची बादली. भाडं थकलेलं नव्हतं, भांडण झालेलं नव्हतं. मालकिणीच्या भावाच्या मुलाला खोली हवी होती, इतकंच. रिक्षात सामान टाकून ती माझ्याकडे आली आणि आठ दिवस राहिली. त्या आठ दिवसांत ती एकदाही हसली नाही. नवव्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाली, "आता भाड्याने नाही गो. आता विकत."

ते अठ्ठ्याण्णव साल. मिरजोळ्याच्या बाजूला, शहर जिथे संपायचं तिथे, कातळ फोडून एक तीन मजली इमारत उठत होती. दुसऱ्या मजल्यावरची एक खोली, स्वयंपाकघर आणि पश्चिमेला हातभर गॅलरी. ती बघायला श्रीकांतही आमच्याबरोबर आले होते. बिल्डर कुंदाकडे बघतच नव्हता. "साहेब, ओटा कुठल्या बाजूला हवा?" हे तो श्रीकांतना विचारायचा, उत्तर कुंदा द्यायची, आणि तो श्रीकांतकडे बघत ते वहीत लिहून घ्यायचा. कर्जाच्या कार्यालयातही तेच. तिथल्या साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "लग्न ठरलंय का?" ती नाही म्हणाली. "मग पुढे ठरलं तर हप्ता कोण भरणार? सासरचे नको म्हणाले तर?" कुंदा म्हणाली, "साहेब, पगार माझा, सही माझी. नवरा आलाच तर त्याला चहा करून देईन, हप्ता मीच भरीन." साहेब हसले नाहीत. त्यांनी दोन जामीनदार आणायला सांगितले. एक आमचे भांडारपाल तयार झाले. दुसरी मी. घरी विचारलं तेव्हा श्रीकांतच म्हणाले होते, "कर की सही, आपली कुंदा आहे." मी सात ठिकाणी सह्या केल्या आणि खरं सांगते, मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटलं होतं.

वास्तुशांतीला घरात एक चटई, एक स्टोव्ह आणि एक स्टीलची कळशी होती. दुसऱ्या दिवशी मला तिने जेवायला बोलावलं. नाट्याहून आलेली सुरमई तळली होती, आणि आम्ही दोघी जमिनीवर फतकल मारून काटे चोखत बसलो होतो. मधेच ती उठली, हात धुवायला नळ सोडला, बंद केला, परत सोडला. "कोण मोजत नाही गो!" असं म्हणून ती जी हसायला लागली ती थांबेचना. बत्तीस वर्षांची बाई, ओल्या हातांनी भिंतीला टेकून हसत होती. नव्या गिलाव्याचा वास, मागे कातळावर घण मारल्याचे आवाज... ती कुंदा मला आठवायला आवडते. पण लेख तिथे थांबवता आला असता तर मी तो लिहायला घेतलाच नसता.

तीन वर्षं सुरळीत गेली. मग श्रीकांतच्या डोक्यात काजू शिरला. लांज्याला त्यांचा एक मित्र होता, दोघांनी मिळून काजू बी फोडायचा छोटा कारखाना काढायचा, असं ठरलं. त्यासाठी कर्ज काढायचं, त्याला माझा पगार दाखवायचा. बँकेच्या मॅनेजरने कागद बघून सांगितलं की तुमच्या मिसेस आधीच एका मोठ्या कर्जाला जामीन आहेत, ते मोकळं होऊ दे, मग या. त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय उरला नाही. जेवताना, गाडीवरून जाताना, सासूबाईंच्या औषधाच्या वेळी. "लोकांच्या घरासाठी आपण किती दिवस अडकून राहायचं?" "तिला काय, एकटा जीव. आपल्याला दोन मुलं आहेत." मी सुरुवातीला भांडले. 'तुम्हीच तर म्हणाला होतात' हे निदान वीस वेळा बोलले. मग कंटाळले. तुम्ही म्हणाल, नवऱ्याने बोलायला लावलं. तसं काही नव्हतं. मला कुणी हाताला धरून नेलं नाही, मी माझ्या पायांनी कँटीनमध्ये गेले आणि कांदाभजीची बशी तिच्यापुढे सरकवून म्हटलं, "कुंदा, जामीन बदलून घेता येईल का बघ ना. यांचं कर्ज अडलंय."

तिने भजं उचललं होतं, ते परत बशीत ठेवलं. "कधीपर्यंत हवंय?"

"तुला जमेल तेव्हा गं."

"मला जमेल तेव्हा म्हणजे अजून बारा वर्षांनी," ती म्हणाली, आणि मग माझा चेहरा बघून हसली. "बघते. होईल काहीतरी."

तिने ऑफिसातल्या चौघांना विचारलं. एकाची बायको नको म्हणत होती. एकाला ज्योतिषाने कुठेही सही करू नका सांगितलं होतं. एक म्हणाला, पुरुषमाणसाचं कर्ज असतं तर केली असती, बाईचं उद्या काय सांगता येतं. चौथ्याने नुसतंच हसून विषय बदलला. हे चौघंही बाराव्याला नाट्याला आले होते, आणि ऑफिसच्या फलकावर तिच्या श्रद्धांजलीचा कागद चौथ्याने स्वतःच्या हाताने लावला... तर जामीन मिळेना. तेव्हा कुंदाने ठरवलं की कर्जच फेडून टाकायचं.

कसं फेडलं ते बाराव्याला कुणी बोललं नाही, म्हणून मी सांगते. वेतन आयोगाची थकबाकी भविष्य निर्वाह निधीत पडली होती, ती तिने अर्ज करून काढली. आईच्या दोन पाटल्या मोडल्या. ऑफिस सुटल्यावर ती कोर्टाजवळच्या एका वकिलाकडे टायपिंगला जायला लागली आणि तिथून घरी चालत, रिक्षा नाही की बस नाही, तो सगळा चढ पायांनी. वर्तमानपत्र बंद केलं. गॅसचं सिलिंडर तीन महिने पुरवायची, एक वेळ स्वयंपाक करून दोन वेळ खायची. आणि मासे बंद केले. ज्यांना नाटे माहीत आहे त्यांना याचा अर्थ कळेल. पहाटे होडी लागली की परकराचा ओचा भरून पेडवे मासे घेऊन घरी पळणारी मुलगी ती. भावाकडून वर्षाकाठी कधी मासळीचा वाटा यायचा तोही थांबला होता, कारण ती आता 'ब्लॉकवाली' झाली होती, तिला काय कमी. चार वर्षं कुंदाच्या डब्यात मी चवळी, डाळ आणि लोणचं याच्यापलीकडे काही बघितलं नाही. "वास नको वाटतो गो हल्ली," असं ती सांगायची. मी माझ्या डब्यातला बांगडा पुढे केला की म्हणायची, "नको. सवय मोडली की परत लागते." आणि ऑफिसात सगळे म्हणायचे, काय ही जिद्द. मीही म्हणायचे.

आता जे सांगायचं आहे ते मी माझ्या बहिणीलाही कधी सांगितलेलं नाही. काजूचा कारखाना झालाच नाही. मी कुंदाकडे शब्द टाकल्यावर सहा-सात महिन्यांत लांज्याच्या मित्राने त्याच्या मेव्हण्याबरोबर भागीदारी केली आणि श्रीकांतना वाऱ्यावर सोडलं. एका रविवारी ते पेपर वाचत होते, तेव्हा मी त्यांना विचारलं, कारखान्याचं कुठवर आलं, तर म्हणाले, "अगं, ते राहिलंच की. मार्चपासूनच." इतक्या सहज, जणू बाजारातून कोथिंबीर आणायची राहिली. मी म्हटलं, "मग कुंदाला सांगायला हवं. ती मरमर करतेय." त्यांनी पेपर उलटला. "सांगून काय करणार? कर्ज तिचं, घर तिचं, फेडतेय तर फेडू दे. आपली मान मोकळी होतेय ना?"

मला राग आला. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं, आणि तेच माझ्या अंगाला चिकटून राहिलं आहे. मला बरं वाटलं होतं. सात ठिकाणच्या त्या सह्या एक दिवस पुसल्या जातील, हे बरंच आहे की, असं मला वाटलं होतं. मी सोमवारी सांगेन म्हटलं. सोमवारी ती पाटल्या मोडून आली होती, हातांवर नुसत्या काचेच्या बांगड्या. तेव्हा कसं सांगणार? पुढच्या महिन्यात सांगेन म्हटलं, तर तिने निधीचा अर्ज मंजूर करून आणला होता. प्रत्येक वेळी ती आणखी थोडं फेडून बसलेली असायची आणि माझं सांगणं आणखी अवघड झालेलं असायचं. एकदा तिनेच विचारलं, "भावोजींच्या काजूचं काय झालं?" मी म्हटलं, "चाललंय हळूहळू." ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग टाइपरायटरमध्ये कागद सरळ करायला लागली. पुढे व्याजाचे दर उतरले, सगळेजण नव्याने कर्जं काढायला लागले, तेव्हा श्रीकांत एकदा तिच्या तोंडावर म्हणाले होते, "कुंदाताई, वेड्या आहात. या व्याजात कोण फेडतं? ते पैसे गुंतवा." मी तिथेच होते. चहाचे कप उचलत होते.

याच काळात तिला रक्तदाब निघाला. ऑफिसात तपासणी शिबिर झालं तेव्हा डॉक्टरने दोनदा पट्टा बांधून बघितला आणि सांगितलं की रोज सकाळी एक गोळी, कायमची. तिच्या ड्रॉवरमध्ये त्या गोळ्यांची पट्टी असायची. एका महिन्यात पट्टीतल्या निम्म्याच गोळ्या गेलेल्या मला दिसल्या. "एक दिवसाआड घेते," ती म्हणाली, "बरं वाटतंय तर कशाला रोज?" महाग होत्या त्या गोळ्या, तेव्हाच्या मानाने. मी म्हटलं, "घेत जा गं नीट," आणि माझ्या फायलीकडे वळले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी पुढे एवढंच सांगितलं की दाब वर्षानुवर्षं आटोक्यात नव्हता आणि मूत्रपिंडं त्यामुळेही गेली असतील. मी त्या 'ही'ला धरून राहायचा खूप प्रयत्न केला आहे.

दोन हजार पाच साली ती शेवटची रक्कम भरायला गेली, तेव्हा मला बरोबर घेऊन गेली. जुने साहेब बदलून गेले होते, टाय लावलेला एक तरुण बसला होता. तिने बाकी रकमेचा डिमांड ड्राफ्ट पुढे केला. त्याने संगणकावर बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, यात मुदतीआधी फेडल्याचा आकार धरलेला नाही."

"कसला आकार?"

"दंड म्हणा. तुम्ही लवकर फेडलंत ना, आमचं पुढच्या वर्षांचं व्याज बुडतं."

कुंदाने त्याच्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. "उशिरा भरलं तर दंड, ते मला ठाऊक होतं," ती हळू म्हणाली, "लवकर भरलं तरी?" तो म्हणाला नियम आहे, फॉर्मच्या मागे बारीक अक्षरात छापलेलं आहे. त्याने चहाही मागवला, अगदी नम्र मुलगा. मला त्या चहाच्या कपाकडे बघवेना. माझ्या पर्समध्ये तेव्हा बँकेचं चेकबुक होतं. मी म्हटलं, "कुंदा, मी भरते आत्ता, मग दे." "नको," ती म्हणाली. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाली. तेव्हा मला तो तिचा स्वाभिमान वाटला. ती दंडाची रक्कम जमवायला तिला आणखी एक महिना लागला, त्या महिन्याचं व्याजही तिने भरलं. कर्ज संपल्याचं पत्र हातात आलं तेव्हा बाहेरच्या टपरीवर उभ्या राहून तिने ते वाचलं, जामीनदारांची जबाबदारी संपली ही ओळ मोठ्याने वाचली, समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेली आणि एक प्रत आणून माझ्या हातात दिली. "ही तुझी. सांभाळून ठेव." मी तिला मिठी मारायला गेले तर तिने पाठीवर थोपटल्यासारखं केलं आणि म्हणाली, "चल, साहेब आले असतील."

पुढच्याच वर्षी पाय सुजायला लागले. चढ चढताना धाप लागायची. तपासण्या, रजा, परत तपासण्या, शेवटी कोल्हापूरला आठवड्यातून दोनदा डायलिसिस. मधल्या फेऱ्यांना मी दोन-तीनदा गेले, पण नेहमी कुणीतरी खोलीत असायचं, किंवा असं मी स्वतःला सांगायचे. शेवटच्या रविवारी पहिल्या एस.टी.ने गेले. भाऊ खाली चहाला गेला होता. तिचा चेहरा सुजून दुसऱ्याच बाईसारखा झाला होता, हातावर पट्ट्या. पाणीही मोजून द्यायचे. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "कुंदा, एक सांगायचं राहिलंय. ते यांचं काजूचं..."

"मोडलं ना?" ती म्हणाली. "ठाऊक आहे मला."

"कधीपासून?"

"तेव्हाचंच. लांज्याचा तो ठेकेदार यायचा ना बिलं घेऊन, त्याने सांगितलं. मोडल्यावर महिनाभरात."

मी विचारलं, "मग तू कशाला फेडत राहिलीस? थांबायचं होतंस ना गं..." तिने मला कापसाचा बोळा पाण्यात बुडवून ओठांना लावायला खूण केली. तो लावून झाल्यावर म्हणाली, "आधी वाट बघितली. म्हटलं, सांगेल. आज सांगेल, उद्या सांगेल. मुद्दाम विचारलंसुद्धा एकदा..." तिने श्वास घेतला. "मग नको वाटायला लागली गो तुझी सही. माझ्या घराच्या कागदावर."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी त्याच्याशी भांडले असते, रडले असते, माफी मागितली असती. पोळीत केस निघाल्यावर माणूस तो जसा काढून ताटाबाहेर ठेवतं, तितक्या साध्या आवाजात ती बोलली. आणि मला दिसलं की मधली सगळी वर्षं ही बाई रोज दीड वाजता माझ्यासमोर बसून डबा खात होती, माझ्या मुलीच्या बारावीचे पेढे खात होती, मला "येते गो" म्हणून घरी जात होती. मी काही बोलायच्या आत तिने विचारलं, "जेवलीस का? खाली इडली बरी मिळते." मग भाऊ आला. तीन दिवसांनी त्याचा फोन.

घरी येऊन मी श्रीकांतना तिचं वाक्य सांगितलं होतं. ते म्हणाले, "आजारी माणूस काहीही बोलतं." हा लेख छापून आला की ते काय म्हणतील तेही मला माहीत आहे, आणि मला आता त्याचं काही वाटत नाही.

ब्लॉक भावाकडे गेला. तिने काही लिहून ठेवलं नव्हतं, कायद्याने तोच वारस. किल्ली मी माणसाजवळ न देता स्वतः घेऊन गेले, तर भाऊ, त्याची बायको आणि एक दलाल असे तिघं आत होते. वहिनी डबे उघडून वास घेत होती, चांगले एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. भावाने गॅलरीतून कातळाकडे बघत दलालाला सांगितलं, "फॅमिली बघा. एकट्या बायका नकोत, नसते ताप." मी तिथेच उभी होते. तुम्ही विचाराल, तू काही बोललीस का? नाही बोलले. कुठल्या तोंडाने बोलणार होते? महिनाभरात भाडेकरू आले, दारावर नवी पाटी लागली.

कुंदाची एक सवय सांगायची राहिली. स्वतःच्या घरात राहायला गेल्यापासून दर रविवारी दुपारी दोन ते चार ती दार आतून लावून घ्यायची आणि कुणालाही उघडायची नाही. झोपायची नाही, वाचायची नाही, टीव्ही तर नव्हताच. नुसती बसायची. एकदा मी तीनच्या सुमारास वर गेले आणि कडी वाजवली, तर आतून अगदी दाराजवळून आवाज आला, "मी आहे, मंगल. पण उघडत नाही. चारला ये." मी चिडून तशीच परत आले होते आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना ते हसून सांगितलं होतं.

गेल्या रविवारी मी तिकडे गेले. दोन वाजत आले होते. दुसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं, आत टीव्ही चालू, उंबऱ्याशी चपलांचा ढीग. भाडेकरूबाईने मला बघून विचारलं, "कोण हवंय?" मी म्हटलं, "कुणी नाही. जरा दमले, बसते इथे." ती आत गेली. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर भिंतीला टेकून बसले. वरचे लोक येत-जात होते तशी पाय आखडून वाट देत होते. चार वाजेपर्यंत बसले, आणि मग खाली उतरले.